थंडीतला दिवस मोजायचा कसा?

चोवीस तासांतली सगळ्यात गार घटका मध्यरात्रीची, असा आपला समज असतो. खरं तर ती सूर्योदयाच्या आसपास येते, पुष्कळदा सूर्य उगवून काही मिनिटं झाल्यावर. जमीन रात्रभर आपली उष्णता आभाळाकडे सोडत राहते आणि उन्हातून मिळणारी उष्णता त्या गळतीला पुरून उरेपर्यंत पारा खालीच जातो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत इथं पहाटे १३-१४ अंश, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की त्याहूनही खाली, आणि दुपारी २८-३०. एकाच दिवसात १५ अंशांचा फरक. दुपारी नुसत्या शर्टावर हिंडणारा माणूस सकाळी कानटोपीशिवाय गल्लीबाहेर पडत नाही, तो यामुळे.

आता बेघरांसाठीचा रात्रनिवारा चालवायची पुष्कळ ठिकाणची रूढ रीत बघा. संध्याकाळी दार उघडायचं, सकाळी सहा-सातला सगळ्यांना उठवायचं, झाडलोट करायची आणि कुलूप घालायचं. म्हणजे माणूस रस्त्यावर येतो तो नेमका दिवसातल्या सगळ्यात गार वेळेला. चहाची टपरी उघडलेली असेल तर बरं, नाहीतर ऊन अंगावर येईपर्यंत दोन-अडीच तास काढायचे. ते कुठं काढतात, हा प्रश्न फारसं कुणी विचारत नाही. समाजकार्याच्या (बीएसडब्ल्यू, एमएसडब्ल्यू) किंवा समाजशास्त्राच्या मुलांनी हिवाळ्यातल्या प्रकल्पासाठी घ्यावा असा हा विषय आहे. खर्च जवळपास नाही, पण डोकं भरपूर लागतं. ते कुठं लागतं, एवढंच इथं सांगतो.

अमेरिका-कॅनडातल्या थंड शहरांत दिवसाच्या निवाऱ्याचा अभ्यास जुना आहे, कारण तिथं दुपारीही पारा शून्याखाली असतो आणि सकाळी बाहेर काढलेला माणूस जिवाला मुकू शकतो. चर्चचं सभागृह, सार्वजनिक वाचनालय, एखाद्या संस्थेची खोली अशा जागा तिथं 'वॉर्मिंग सेंटर' म्हणून दिवसा उघडतात. ब्रिटनमध्ये २०२२ च्या हिवाळ्यात वीज-गॅसची बिलं भडकली, तेव्हा घर असलेली माणसंसुद्धा उबेसाठी वाचनालयांत आणि सभागृहांत येऊन बसू लागली. म्हणजे दिवसाच्या निवाऱ्याचं गिऱ्हाईक फक्त बेघर माणूस नसतं. आपल्याकडे हे आणखीच खरं आहे. ते कसं, ते पुढं येईलच.

'बेळगावला कुठं बर्फ पडतो?' हा आक्षेप आधीच निकालात काढू. शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली गेलं की त्याला हायपोथर्मिया म्हणतात, आणि त्याला बर्फ लागत नाही. भिजलेले कपडे, वारा, रिकामं पोट आणि म्हातारपण एकत्र आलं की दहा-बारा अंशही पुरतात. तिथवर मजल गेली नाही तरी थंडी आपलं काम करतेच. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली घरांबद्दलच्या शिफारशी केल्या, त्यात थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान किमान १८ अंश असावं असं म्हटलं आहे. आपली पहाट त्याच्या बरीच खाली असते.

दारूनं ऊब येते, हा समज तर जीवघेणा. दारूनं रक्तवाहिन्या रुंदावतात, कातडी गरम वाटते, आणि आतली उष्णता बाहेर पडून जाते. शेकोटीचाही एक धोका आहे. मधुमेहामुळे पाय बधिर झालेल्या माणसाला पाय भाजतोय हे कळत नाही. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवणं म्हणजे तर कार्बन मोनॉक्साइडला आवतण.

सरकारी भाषेतली 'थंडीची लाट' वेगळीच असते. हवामान विभागाच्या निकषानुसार सपाट प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली हवं, आणि शिवाय ते नेहमीच्या सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी उतरलेलं हवं. जिथं सरासरी १४ आहे तिथं पारा साडेनऊपर्यंत आला तर लाट. ११ अंशांची पहाट लाट नव्हे, मग स्टँडवरच्या म्हाताऱ्याचे दात कितीही वाजोत.

आणि तो ११ चा आकडाही त्या म्हाताऱ्याचा नसतो. वेधशाळेतला तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा मीटर किंवा त्याहून उंच टांगलेला असतो. फरशीवर आडवं झालेल्या माणसाची पाठ दगडाला टेकलेली असते, आणि दगड हवेपेक्षा कितीतरी वेगानं अंगातली उष्णता ओढून घेतो. पुठ्ठ्याचा खोका उघडून अंगाखाली घातला की का बरं वाटतं, त्याचं कारण हेच. विद्यार्थ्यांनी एक साधा डिजिटल तापमापक घ्यावा आणि एकाच सकाळी साडेपाच, सात आणि नऊ वाजता तीन ठिकाणी नोंद करावी: उघड्या फलाटाच्या फरशीवर, लाकडी बाकावर, आणि भिंतीच्या आडोशाला. शेजारी वेधशाळेचा आकडा लिहावा. एवढा एक तक्ता पन्नास पानांच्या प्रस्तावनेपेक्षा जास्त बोलतो. प्रबंधात ती पन्नास पानं मात्र असतातच, ती कोण वाचतं देव जाणे.

आता कायद्याकडे येऊ. अन्न-अधिकाराचा जो मोठा खटला २००१ पासून सर्वोच्च न्यायालयात चालला, त्यातच २०१० साली दिल्लीतल्या निवाऱ्यांचा प्रश्न न्यायालयानं हाती घेतला आणि मग तो इतर राज्यांपर्यंत नेला. २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान सुरू झालं, त्यात शहरी बेघरांच्या निवाऱ्यांची योजना आली. तिचं माप असं: एक लाख लोकवस्तीमागं किमान १०० जणांची सोय, माणशी ५० चौरस फूट जागा, आणि निवारा बारमाही, चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे ४ लाख ८८ हजार होती. त्या मापानं साधारण ४९० जणांची सोय व्हायला हवी. पण प्रकल्पाच्या दृष्टीनं महत्त्वाचे शब्द 'चोवीस तास' हे आहेत. निवारा कागदावर चोवीस तास उघडा असणं वेगळं आणि सकाळी दहा वाजता तिथं टेकायला मिळणं वेगळं. जाऊन बघा. दार उघडं आहे का, आत बसू देतात का, दिवसा संडास वापरता येतो का, बोचकं ठेवून कामाला जाता येतं का. या चार प्रश्नांची उत्तरं आणलीत तर अभ्यासाचा पाया झाला.

जनगणनेचा आकडा इथं कामाला येत नाही. २०११ ला देशात सुमारे १७ लाख ७० हजार बेघर मोजले गेले. पदपथ, पुलाखाली, सिमेंटच्या मोठ्या पाइपांत, देवळाच्या मंडपात, रेल्वे फलाटावर राहणारे ते बेघर, अशी व्याख्या. पण ही मोजणी झाली २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत. अमेरिकेतलीही मोठी मोजणी जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांतल्या एका रात्रीचीच असते; थंडीमुळे माणसं निवाऱ्यात एकवटतात, मोजायला सोपं जातं, हा त्यामागचा हिशोब. दोन्हीकडे रात्र मोजली जाते. रात्री आठ तास आडवा झालेला माणूस नोंदवहीत येतो आणि त्याचे उरलेले सोळा तास कुणाच्याच वहीत नसतात.

मग दिवस मोजायला घ्यायचा. पहिली अडचण, मोजायचं काय? समजा एका निवाऱ्याच्या वहीत महिन्याला ३०० नोंदी आहेत. खानावळीत ३०० ताटं गेली म्हणून ३०० माणसं जेवली असं होत नाही, दहा जण रोज जेवत असतील. तसंच हे. खेपा आणि माणसं यांत गल्लत केली की सगळा निष्कर्ष उलटा होतो. रँडल कून आणि डेनिस कल्हेन या अभ्यासकांनी १९९८ साली न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियातल्या निवाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की सुमारे ८० टक्के माणसं थोडे दिवस येऊन जातात, पुन्हा सहसा दिसत नाहीत. जेमतेम १० टक्के माणसं महिनोन्महिने राहतात, पण निवाऱ्याचे जवळपास निम्मे दिवस त्यांच्याच खात्यात पडतात. एका सकाळी जाऊन मोजाल तर ही मुक्कामी माणसंच जास्त भेटतील आणि 'बेघर म्हणजे असेच' असं वाटून बसेल.

दुसरी अडचण वहीचीच. पन्नास जणांची जागा असेल तर ८ अंशांच्या रात्रीही वहीत ५० आणि १४ अंशांच्या रात्रीही ५०. त्यावरून 'थंडीचा आणि गर्दीचा काही संबंध नाही' असं कुणी लिहिलं तर गणित बरोबर येईल आणि निष्कर्ष साफ चुकेल. दारातून परत गेलेल्यांची नोंद कोण ठेवतं? सहसा कुणीच नाही. त्यासाठी विद्यार्थ्यानं दाराबाहेर उभं राहायला हवं.

निवाऱ्यात न येणारी माणसं मोजायची एक जुनी युक्ती आहे. डेन्मार्कच्या पीटरसन नावाच्या जीवशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती माशांसाठी वापरली होती. समजा सोमवारी सकाळी रेल्वे स्टेशन, मध्यवर्ती स्टँड आणि सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात मिळून तुम्हाला ६० जण भेटले. प्रत्येकाला एक रंगीत कार्ड दिलं. गुरुवारी त्याच वेळी पुन्हा गेलात, ५० जण भेटले, त्यातले ३० सोमवारचे होते. म्हणजे गुरुवारच्या ५० मध्ये सोमवारचे पाचात तीन. हेच प्रमाण सगळ्यांना लागू धरलं तर ६० हे एकूण संख्येच्या पाचात तीन झाले, म्हणून एकूण सुमारे १००. साठ गुणिले पन्नास, भागिले तीस. पण मेख अशी की मुक्कामी माणसं दोन्ही दिवशी भेटायची शक्यता जास्त. त्यामुळे ३० चा आकडा फुगतो आणि उत्तर खऱ्यापेक्षा कमी येतं. म्हणून '१०० आहेत' असं लिहायचं नाही, 'किमान १०० असावेत' असं लिहायचं. कार्डाऐवजी मोबाइलवर फोटो काढून ओळख पटवायचा मोह अनेकांना होतो. तो टाळायचाच, त्याचं कारण खाली.

तिसरी अडचण आपल्या भागाची खास, आणि मला सगळ्यात रंजक वाटते ती हीच. थंडी आणि ऊस इथं एकाच वेळी येतात. नोव्हेंबरपासून कारखान्यांची धुराडी पेटतात, ऊसतोडीच्या टोळ्या येतात, निपाणी-चिकोडी पट्ट्यात शिवारांकडेला पालं पडतात, स्टँडवर बोजा-बिस्तऱ्यासकट माणसं दिसू लागतात. ऑक्टोबरची मोजणी आणि जानेवारीची मोजणी शेजारी ठेवलीत तर गर्दी वाढलेली दिसेलच. ती थंडीनं वाढली की उसानं? त्यात सौंदत्तीची यल्लम्मा. मार्गशीर्ष आणि माघ पौर्णिमेला महाराष्ट्रातून भाविकांच्या झुंडी येतात, आणि स्टँडवर पहाटे कांबळं पांघरून बसलेल्यांत यात्रेकरू किती आणि बेघर किती हे दुरून सांगता येत नाही. बेळगावात शनिवार बाजाराचा दिवस, त्या दिवशी खेड्यांतून माणूस लोटतो.

याला उतारा आहे. हंगामाशी हंगाम तोलायचा नाही, हंगामाच्या आतच तोलायचं. फक्त डिसेंबर-जानेवारी घ्या, फक्त मंगळवार-बुधवार घ्या, यात्रेचे दिवस वगळा. मग ढगाळ रात्रीनंतरची उबदार सकाळ आणि निरभ्र रात्रीनंतरची गार सकाळ एकमेकींशी ताडून बघा. ऊस दोन्ही दिवशी तेवढाच असतो, बदलतो तो फक्त पारा. आता जो फरक दिसेल तो थंडीचा म्हणायला थोडा तरी हक्क आहे.

हाच धागा पुढं ओढला तर एक वेगळाच मुद्दा हाती येतो. इथला अवघड ऋतू हिवाळा आहे की पावसाळा? जुलैत बेळगावचं दुपारचं तापमानही २५ च्या आसपास घुटमळतं, खानापूरकडे, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर पाऊस दिवसेंदिवस उघडत नाही. ओल्या कपड्यांत अंगातली उष्णता कोरड्या कपड्यांपेक्षा फार भराभर जाते, आणि ऊन नसल्यामुळे कपडे वाळत नाहीत. हिवाळ्यात दहा वाजता ऊन तरी येतं. जुलैत दिवसभर तीच सकाळ. माझं मत विचाराल तर इथल्या मुलांनी तोच अभ्यास दोनदा करावा, जानेवारीत आणि जुलैत. परदेशी प्रबंधात हिवाळा आहे म्हणून आपणही हिवाळाच घ्यायचा, याला अर्थ नाही.

दिवसा माणसं असतात कुठं? स्टेशन, स्टँड, कपिलेश्वराचं देऊळ, किल्ल्याजवळच्या तलावाचा काठ, बाजारपेठेतल्या बंद दुकानांच्या पायऱ्या. खेड्यात समाजमंदिर, देवळाचा कट्टा, ग्रामपंचायतीचं वाचनालय. शहरात दीडशे वर्षांहून जुनं सार्वजनिक वाचनालय आहे. अशा जागी सकाळी पेपर वाचायला येणाऱ्यांपैकी किती जण बातम्यांसाठी येतात आणि किती जण टेकायला, हे ग्रंथपालाला बरोबर ठाऊक असतं. त्यांना विचारा. सरकारी स्वस्त खानावळीसमोरची, म्हणजे इंदिरा कँटीनसमोरची सकाळची रांगही बघण्यासारखी, पाच रुपयांत नाश्ता मिळतो म्हणून तिथं जे येतात त्यांत रात्र उघड्यावर काढलेले असतातच.

सिव्हिलच्या आवारात मात्र थोडं थांबावं लागेल. चंदगड, खानापूरच्या गावांतून पेशंट येतो, सोबत बायको किंवा भाऊ येतो. पेशंटला कॉट मिळते. सोबतच्या माणसाला वॉर्डात भेटीच्या वेळेपुरतं सोडतात. बाकीचा दिवस झाडाखाली, जिन्याखाली, औषधाच्या दुकानाच्या कट्ट्यावर. प्लॅस्टिकच्या पिशवीत भाकरीचं फडकं, एक्स-रेचा मोठा पिवळा लखोटा, चार्जर. गावाकडं घर आहे, शेत आहे, जनगणनेच्या व्याख्येत हा माणूस बेघर बसतच नाही. पण पंधरा दिवस त्याला दिवसा टेकायला छप्पर नाही. सीमेपलीकडून आला असेल तर इथल्या कुठल्या योजनेत तो मोडतो हे सांगायलाही कुणी नसतं. दिवसाच्या निवाऱ्याची गरज सगळ्यात जास्त कुणाला, याचं उत्तर कदाचित इथंच मिळेल.

बायका मोजणीत कमी सापडतात. त्या नसतात असं नाही, त्या दिसत नाहीत. रात्री उघड्यावर झोपायची भीती म्हणून पुष्कळ जणी रात्र बसून काढतात आणि दिवसा देवळात, गर्दीच्या जागी डोळा लावतात. जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना साध्या बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून बस हाच काहींचा दिवसाचा आसरा झाला असेल का? प्रश्न शोधण्यासारखा आहे. मात्र त्या फुकट तिकिटाला कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र लागतं. कोल्हापूर-बीडकडून आलेल्या ऊसतोडणीवालीला ते कुठलं?

दिवसा झोपणाऱ्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. रात्रपाळीचा वॉचमन, हॉटेलात पहाटेपर्यंत भांडी घासणारा पोरगा, मार्केट यार्डात रात्री ट्रक खाली करणारा हमाल. यांची रात्र दिवसा असते. सकाळी बंद होणारा निवारा त्यांच्या काहीच कामाचा नाही. त्यामुळे प्रश्नावलीत 'रात्री कुठं झोपता?' एवढंच असेल तर ही माणसं 'कामावर असतो' म्हणतात आणि निसटतात.

विचारायचं कसं, हाही अभ्यासाचाच भाग. 'आपण बेघर आहात का?' असं छापील वाचून दाखवलं तर समोरचा हमखास नाही म्हणणार. शेजारी बसावं, चहा सांगावा.

'मामा, सकाळी इथनं उठून कुठं जातासा?'

'जाणार कुठं? ऊन सरकंल तसं सरकायचं.'

असं उत्तर आलं की पेन बाजूला ठेवून त्या माणसासोबत खरंच सरकावं. सातला कुठल्या भिंतीपाशी, नऊला कुठल्या पायरीवर, अकराला कुठं. दोन-चार माणसांच्या एका सकाळचा नकाशा काढलात तर शहरातल्या उन्हाच्या जागा कळतात, आणि सावलीत बांधलेल्या निवाऱ्यात सकाळी कुणी का बसत नाही हेही कळतं. बोलणं मराठीत, कानडीत, दखनीत, ज्याला जे येईल त्यात. म्हणून गटात तिन्ही बोलणारी मुलं हवीत.

फोटोबद्दल वर म्हटलं होतं. पोलिसांनी, सुरक्षारक्षकांनी उठवणं हा या माणसांचा रोजचा अनुभव. कोण कुठं झोपतो याचा फोटोसकट नकाशा चुकीच्या हाती पडला तर उद्या त्या जागेवर काटेरी तार दिसेल. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतितत्त्वांत दुर्बल गटांसाठी जास्तीची काळजी घ्यायला सांगितलं आहे ते अशासाठीच. नाव लिहायचं नाही, अहवालात नेमकी जागा लिहायची नाही, 'स्टँड परिसर' एवढं पुरे. अंगठा घेऊन संमतीपत्र भरण्यापेक्षा तोंडी संमती घ्यावी आणि ती कुणासमोर घेतली ते लिहावं. कागदावर अंगठा म्हटलं की गोरगरीब माणूस दचकतो, आणि ते बरोबरच आहे.

अहवाल झाल्यावर तो कॉलेजच्या कपाटात जातो. तसं होऊ द्यायचं नसेल तर त्यातलं एक पान वेगळं काढा: तापमानाचा तक्ता, परत पाठवलेल्यांचा आकडा, आणि सकाळी सहा ते दहा दार उघडं ठेवायची एकच मागणी. ते पान कानडीत करून घ्या. मराठीत परिपत्रकं मिळावीत ही सीमाभागाची मागणी जुनी आहे, ती आपल्या जागी राहू द्या. पण महापालिकेतली फाइल कानडीत चालते, आणि गटात कानडी नीट लिहिणारी एखादी मुलगी असतेच. आयुक्तांच्या नावे आवक विभागात द्यायचं, शिक्का मारलेली प्रत घ्यायची, आणि तारीख बघून पंधरा दिवसांनी पुन्हा जायचं.